दिंडोशीचा औद्योगिक वारसा : धुरांड्यांशिवायचा फेरफटका

मुंबईचा औद्योगिक वारसा म्हटलं की गिरणगाव आठवतं. पण दिंडोशी मेट्रो स्टेशनवरून निघून हायवेने आरे, तिथून रूळ ओलांडून गोरेगाव पश्चिम, एस. व्ही. रोडने मालाड आणि परत दिंडोशी असा वळसा घातला, तर इथे दूध आणि सिनेमा या दोन गोष्टींचे कारखाने होते हे लक्षात येतं. ‘गोठे म्हणजे कसला उद्योग?’ हा आक्षेप येणारच. १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली ती मुळात शहरभर विखुरलेले म्हशींचे गोठे एका जागी आणायला. दूध गोळा करून, निर्जंतुक करून, बाटल्यांत भरून घराघरांत पाठवणं हे कारखान्याचंच काम.

सिनेमाचंही तसंच. १९३४ साली मालाडला सुरू झालेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये कलावंत नि तंत्रज्ञ पगारावर होते, फिल्म धुण्याची प्रयोगशाळाही आवारातच. तिथून फुटलेल्या मंडळींनी १९४३ मध्ये गोरेगावात फिल्मिस्तान काढलं. कारागीर फुटून शेजारीच नवा कारखाना काढतात, अगदी तसं! दिंडोशीजवळची चित्रनगरी १९७७ची, म्हणजे या साखळीतली धाकटी.

‘पण आत कुठे सोडतात?’ खरंय, चित्रनगरीत परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि बॉम्बे टॉकीजच्या आवारात आता छोटे कारखाने आहेत. माझ्या मते तोच औद्योगिक वारशाचा पुरावा : जागेने धंदा बदलला, कारखाना टिकला.