तरुण रक्ताने वार्धक्य लांबते काय?

पुत्राचे तारुण्य मागून घेणाऱ्या ययाती राजाची कथा आपल्या परिचयाची आहे. आज तीच इच्छा वैद्यकाच्या भाषेत बोलू लागली आहे. तरुणाच्या रक्तातील प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव, वृद्धाला चढविला तर वय मागे सरते, असा दावा केला जातो. मुंबई असो वा चिखली, वडीलधाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो पारखून घ्यावा.

या दाव्यास आधार अजिबात नाही, असे नव्हे. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडले, तेव्हा वृद्ध उंदरांचे स्नायू अधिक चांगले भरून आले. मुंबईतील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोवळ्या डुकरांच्या प्लाझ्मातील एक अंश वृद्ध घुशींना दिल्यावर, डीएनएवरील रासायनिक खुणांवरून मोजलेले त्यांचे वय घटलेले आढळले.

मात्र घूस म्हणजे माणूस नव्हे, आणि खुणांवरून मोजलेले वय म्हणजे वाढलेले आयुष्य नव्हे. शिवाय 2020 मध्ये बर्कली येथील प्रयोगात वृद्ध उंदरांचा निम्मा प्लाझ्मा काढून केवळ क्षारयुक्त पाणी व अल्ब्युमिन हे प्रथिन दिले, तरीही लाभ दिसला. गुण तरुण रक्ताचा, की जुन्या रक्तातील घटक विरळ होण्याचा, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

अमेरिकेत याच उपचारासाठी हजारो डॉलर आकारले जात होते. फेब्रुवारी 2019 मध्ये तेथील औषध प्रशासनाने स्पष्ट इशारा दिला: लाभ सिद्ध झालेला नाही, धोके मात्र खरे आहेत. ॲलर्जी, फुप्फुसांना इजा, हृदयावर ताण आणि संसर्ग हे त्यांपैकी काही.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. रक्तपेढीतील प्लाझ्मा रक्त गोठण्यात दोष असलेल्या, रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाचा प्राण वाचवितो. भारतात पैसे घेऊन रक्त देण्यास 1998 पासून बंदी आहे. रक्त ही विक्रीची वस्तू नव्हे, हेच त्यामागील तत्त्व. तेव्हा कोणी तारुण्याची पिशवी विकू लागल्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत: हा प्लाझ्मा कोणत्या आजारासाठी? आणि हा प्रयोग असेल, तर त्याची शासकीय नोंदणी कोठे आहे?

रोजचे चालणे, पुरेशी झोप, तंबाखूचा त्याग, रक्तदाब व साखरेची वेळेवर तपासणी यांचा लाभ माणसांत सिद्ध झालेला आहे. घरातील तरुणाने रक्त अवश्य द्यावे. पण ते ज्याला खरी गरज आहे, त्याच्यासाठी.