उन्हाळ्यातील रविवार

वार्षिक परीक्षा आटोपलेली असते, पुस्तके फडताळात विसावलेली असतात आणि मे महिन्यातील रविवार उजाडतो. विद्यार्थ्यांना तर सारेच दिवस सुट्टीचे. परंतु रविवारी घरातील वडील मंडळीही घरी असतात, म्हणून त्या दिवसाची गोडी निराळी. असा दिवस कसा घालवावा हे सांगावयास कशाला हवे, असे कोणी म्हणेल. तथापि विश्रांतीच्या दिवसालाही थोडी आखणी लागते. ती नसली, तर कामे तशीच राहतात आणि संध्याकाळी अंगात केवळ आळस उरतो. आमच्या इंदूर शहरातील उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून या दिवसाचा विचार करू.

प्रथम बाहेरची कामे. ती सकाळी दहाच्या आत उरकावीत, असे वडीलधारी माणसे सांगतात. त्यामागे शास्त्र आहे. सूर्य माथ्यावर येतो तो बाराच्या सुमारास; पण दिवसातील सर्वांत अधिक तापमान असते ते दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. याचे कारण असे की, माध्यान्ह टळल्यावरही जमिनीला मिळणारी उष्णता ही तिच्यातून बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा काही काळ अधिकच असते. जोवर जमा अधिक आणि खर्च कमी, तोवर शिल्लक वाढतच जाणार! म्हणून ‘ऊन कलले’ असे समजून तीन वाजता बाहेर पडणारा मनुष्य फसतो. मे महिन्यात इंदुरास पारा ४० अंशांच्या आसपास जातो, हे ध्यानी ठेवावे.

कामांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. दळणाचा डबा आधी गिरणीत ठेवावा. कारण तेथे आपली पाळी येण्यास वेळ लागतो. तेवढ्यात तुटलेली चप्पल शिवून घेणे, आजोबांची औषधे आणणे, वाचनालयातील पुस्तक बदलणे ही कामे होतात. भाजी आणि दूध-दही सर्वांत शेवटी घ्यावे. उन्हात फिरविल्याने भाजी कोमेजते व दूध नासते. परतताना दळण घ्यावे, पण घरी आल्यावर डब्याचे झाकण उघडे ठेवावे. गिरणीच्या दगडांच्या घर्षणाने पीठ तापलेले असते. झाकण घट्ट लावले, तर आतील वाफ झाकणाला धरते, तिचे पाणी पिठात उतरते आणि पीठ लवकर खराब होते.

आता दुपार. बाहेर झळा लागत असतात आणि घरात माठातील पाणी मात्र गार असते. ही किमया कशाची? माठाच्या मातीला अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येते आणि त्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती उष्णता उरलेल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते गार होते. दारावर सोडलेला वाळ्याचा ओला पडदाही याच नियमाने खोली थंड करतो. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद होते. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ जितका गार होतो, तितका कोकणच्या दमट हवेत होत नाही, त्याचे कारण हेच. माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच. कोरड्या, निरभ्र हवेत दिवसाची उष्णता रात्री आकाशात सहज निघून जाते. येथील रात्रींची ‘शब-ए-मालवा’ म्हणून जी ख्याती झाली, तिचे मर्म यातच आहे.

जेवण झाले, पन्हे पिऊन झाले, आणि सारे घर वामकुक्षीसाठी आडवे झाले. हा निवांतपणा आपण गृहीतच धरतो. परंतु तो आपणांस आयता मिळालेला नाही. सकाळी आपण दळण दिले ती गिरणी पिठाची. रविवारच्या सुट्टीसाठी झगडा झाला तो मुंबईच्या कापडाच्या गिरण्यांत. तेथे एकोणिसाव्या शतकात मजूर पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि त्यांना ठरावीक साप्ताहिक सुट्टी नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांच्या पुढाकाराने १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे गेले. रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा, या त्यांतील प्रमुख मागण्या होत्या. पुढे एप्रिल १८९० मध्ये कामगारांची प्रचंड सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आपले इंदूरही एके काळी गिरण्यांचेच शहर होते. भोंगे थांबले, तरी ‘मालवा मिल’ हे एका वस्तीचे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

हा इतिहास वाचताना मला आमच्याच घरातील एक गोष्ट खटकली. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आईला ताप आला. त्या दिवशी दळण, भाजी, स्वयंपाक, माठ भरणे आणि वाळ्यावर पाणी शिंपडणे, सारे वडिलांनी व आम्हां भावंडांनी केले. दुपारचे तीन वाजले, तरी आमची कामे संपेनात. सायंकाळी धाकट्या बहिणीने विचारले, “आई, तुझा रविवार कोणत्या वारी असतो गं?” आई हसली, आम्हांला मात्र हसू आले नाही. रविवार इतर वारांपेक्षा तिच्यासाठी उलट अधिक कामाचा होता: माणसे घरात जास्त, म्हणून स्वयंपाकही जास्त.

ज्या विश्रांतीसाठी हजारो मजुरांनी सह्या केल्या, ती घरातील एकाच व्यक्तीला नाकारली जावी, हे न्याय्य नव्हे. त्यावर उपायही अवघड नाही. बाहेरची कामे मुलांनी वाटून घ्यावीत. दुपारचा स्वयंपाक साधा, पिठले-भाताचा असावा. जेवणानंतरची भांडी वडील व मुलांनी घासावीत. चार जणांनी तासभर काम केले, तर एका माणसाची सबंध दुपार मोकळी होते. गणिताच्या तासाला आपण शिकतो त्याच त्रैराशिकाचे हे उदाहरण. फक्त ते वहीऐवजी स्वयंपाकघरात सोडवावयाचे.

आता आमच्या घरी रविवारी दुपारी आई माठाजवळच्या चटईवर पुस्तक घेऊन पडते. चार पाने होतात न होतात तोच तिचा डोळा लागतो. तेव्हा आम्ही भांडी अगदी हळू आवाजात लावतो.