विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष कार्य आणि जोखमीची जबाबदारी

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात २०२३-२४ पासून कार्यस्थळी प्रशिक्षण अथवा क्षेत्रीय प्रकल्प यांस ४ श्रेयांकांचे स्थान मिळाले. विद्येचा व्यवहाराशी संबंध जुळावा हा त्यामागील हेतू स्तुत्यच आहे. तथापि, कारखान्यात वा खाणीत गेलेल्या विद्यार्थ्यास अपघात झाल्यास त्याचा भार कोणी वाहावयाचा, या प्रश्नाचा विचार अगोदर झाला पाहिजे.

नागपुरात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सावनेर व सिल्लेवाडा येथील कोळसा, मनसर, कांद्री व गुमगाव येथील मँगनीज आणि हिंगणा व बुटीबोरी येथील कारखाने ही आपल्या विद्यार्थ्यांची स्वाभाविक कार्यक्षेत्रे होत.

कायद्याची स्थिती पाहू. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या १८ व्या कलमानुसार उमेदवार हा कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी होय. म्हणून तो निराधार राहू नये यासाठी १४ व्या कलमाने त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची, तर १६ व्या कलमाने प्रशिक्षणात झालेल्या इजेच्या भरपाईची तरतूद केली. परंतु हे संरक्षण उमेदवारीचा रीतसर करार झालेल्यास लाभते. केवळ विभागप्रमुखांचे पत्र घेऊन सहा आठवड्यांसाठी गेलेला विद्यार्थी ना कामगार, ना उमेदवार. त्याची अवस्था त्रिशंकूसारखी होते. ही उणीव विद्यापीठ व आस्थापना यांच्यातील लेखी करारानेच भरून काढली पाहिजे. विद्यार्थी कोणते काम करील, कोणते करणार नाही, त्याच्यावर देखरेख कोणाची आणि अपघातविम्याचा हप्ता कोण भरणार, हे त्यात स्पष्ट असावे.

जोखीम आवरण्याचा क्रमही ध्यानात घ्यावा. प्रथम धोका टाळावा. टाळता न आल्यास कमी करावा. शिरस्त्राण व बूट यांचा आश्रय सर्वांत शेवटी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा वेळी उघड्या खाणीवर विद्यार्थ्यास डोक्याला बांधावयास पंचा देणे हा शेवटचा उपाय झाला. कामाचे वेळापत्रक बदलणे हा पहिला. तसेच, १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी नवागत कामगारासही कामापूर्वी प्रशिक्षण आवश्यक ठरविले. मग अननुभवी विद्यार्थ्यास त्याविना भूगर्भात उतरविणे कसे समर्थनीय ठरेल?

आणखी एक गोष्ट सहसा दृष्टीआड होते. विद्यार्थ्याचे गुण आस्थापनेच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. त्यामुळे असुरक्षित काम सांगितले तरी तो बहुधा नकार देत नाही. त्याचे मौन म्हणजे संमती नव्हे. यास्तव मार्गदर्शक अध्यापकाने आरंभी स्थळ स्वतः पाहावे, मधून मधून भेट द्यावी व विद्यार्थ्याशी एकांतात बोलावे. धोक्याचे काम नाकारल्याने श्रेयांक जाणार नाहीत, असे आश्वासन विभागाने लेखी द्यावे.

सारांश, विद्यार्थ्यास बाहेर पाठविल्याने विद्यापीठाचे दायित्व संपत नाही; ते विद्यार्थ्याबरोबर खाणीच्या तोंडापर्यंत, किंबहुना आतही जाते.