पिशवी जाते कुठे?



‘कचरा करू नका’ असं फळ्यावर लिहून मुलं सुधारली असती, तर ठाण्याची नि कल्याण-डोंबिवलीची गटारं कधीच मोकळी वाहिली असती. मुलाला सुविचार पाठ असतो आणि मधल्या सुट्टीत खाऊची पुडी खिडकीबाहेर जाते. यात लबाडी नाही. पुडी नजरेआड झाली की त्याच्या लेखी ती संपली. ती संपत नाही, हे त्याला दिसलं पाहिजे.

म्हणून आधी पिशवीचा प्रवास सांगा. डोंबिवलीतल्या शाळेच्या दारातली पिशवी पहिल्या पावसात गटारात, तिथून नाल्यात आणि नाल्यातून उल्हासच्या खाडीत जाते. “पुढे समुद्र!” असं मुलं ओरडतील. पण खाडीला भरती-ओहोटी असते, बरं का! ओहोटीबरोबर गेलेली पिशवी भरतीबरोबर माघारी येते आणि तिवरांच्या मुळांत अडकते. कोळंबीची नि माशांची पिल्लं वाढतात ती याच मुळांच्या आसऱ्याने.

वाटेतच अडकलेली पिशवी मोरीचं तोंड बंद करते. २६ जुलै २००५ रोजी कल्याण-बदलापुरात घराघरांत पाणी शिरलं. त्या दिवशी पाऊसच अफाट होता, एकट्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. तेव्हा सगळा दोष पिशव्यांच्या माथी मारू नये. पण तुंबलेल्या गटारामुळे पाणी लवकर ओसरत नाही, हे मात्र खरं.

आता प्रयोग. जूनमध्ये शाळेच्या आवारात केळीची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि खाऊची रिकामी पुडी पुरा. जागेवर खुणेची काठी रोवा. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांच्या हातूनच उकरा. सालीची माती झालेली असेल, कागद नि चिंधी कुजलेली असेल. पुडी धुतलीत तर तिच्यावरचं नावही वाचता येईल. मातीतले सूक्ष्म जंतू साल खातात, प्लास्टिक त्यांना पचत नाही. उन्हाने त्याचे बारीक तुकडे होतात, माती होत नाही.

गाईलाही ते पचत नाही. शिळ्या अन्नाला गाठ मारून टाकलेली पिशवी ती अख्खी गिळते. अशा पिशव्या पोटात साचत जातात आणि जनावर रवंथ करेनासं होतं. खेड्यातल्या मुलांना हे सांगावंही लागत नाही.

भंगारवाल्यालाही एकदा वर्गात बोलवा. दुधाची धुतलेली पिशवी तो घेईल, खाऊची चकचकीत पुडी सहसा घेणार नाही. तिच्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपराही कापून वेगळा करू नये, नुसती चीर द्यावी. तो चिमुकला तुकडा कोणीच वेचत नाही.

राज्यात मार्च २०१८ मध्ये पिशव्यांवर बंदी आली, तरी भाजीबरोबर पिशवी मिळते, हे मुलं पाहतात. आणि खाडीच्या पुलावरून वडील निर्माल्य पिशवीसकट टाकतात, तेव्हा मूल विचारणारच. रागावू नका हो! फुलं निर्माल्य कलशात किंवा झाडाच्या आळ्यात घाला, आणि रिकामी पिशवी त्याच मुलाच्या हाती घरी परत पाठवा.