शोभेचे मासे : पैदास व टाकीची निगा

शोभेचे मासे पाळणें हा शहरांतील धनिकांचा छंद होय, असा समज आपल्या शेतकरी वर्गांत आढळतो. परंतु अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटीसारख्या गांवीं, जेथें शेतावर विहीर, जनावरांचा हौद व सावलीचें झाड असतें, तेथें या कामाचें बरेंचसें साहित्य घरचेंच आहे. उणीव असते ती माहितीची. बाजारांतून आणलेले मासे पंधरा दिवसांत मरतात व पैसा वाया जातो. याचें कारण मासे नाजूक असतात हें नसून पाण्याकडे दुर्लक्ष होतें हें होय. ज्यानें पाणी सांभाळलें त्याचे मासे सांभाळले जातात, हें सूत्र ध्यानांत ठेवावें म्हणजे पुढील सूचना सहज पटतील.

पाण्यांत काय घडतें.—मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें खाणें कुजूनही तोच तयार होतो, आणि तो माशांस विषासमान आहे. पाण्यांतील व वाळूंतील सूक्ष्म जंतू प्रथम त्याचें नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात. पैकीं नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट बेतानें असल्यास सोसतें. शेतकऱ्यास हें नवें नाहीं. अमोनियम सल्फेट जमिनींत घातल्यावर अशाच जंतूंच्या योगानें त्याचें नायट्रेट होतें व तें पिकास मिळतें. नव्या टाकींत मात्र हे जंतू पुरेसे नसतात. ते वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून आरंभीं दोन-चारच मासे सोडावेत.

पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी काढून तितकेंच नवें घालावें. सर्व पाणी एकदम बदलून वाळू घासूनपुसून धुणें ही स्वच्छता नव्हे. त्यानें उपयोगी जंतूच नाहींसे होतात. गाळणी टाकींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच खळबळावी. तें पाणी मिरचीच्या किंवा भाजीच्या वाफ्यास द्यावें. आपल्या दुष्काळी भागांत थेंबही फुकट जाऊं नये, आणि त्यांत नायट्रेट असल्यामुळें झाडांस तें मानवतें.

टाकी.—तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व सव्वा फूट उंच अशा कांचेच्या टाकींत सुमारें १३० लिटर पाणी मावतें, म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन १३० किलो होतें. बैठक सपाट व मजबूत हवी. टाकी थेट उन्हांत ठेवूं नये. पाणी तापतें व शेवाळ माजतें. पैदाशीसाठीं सिमेंटचा हौद स्वस्त पडतो, परंतु नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. तेव्हां तीन आठवडे तो वरचेवर भरून रिकामा करावा व मगच मासे सोडावेत.

कोणते मासे.—सात-बाराच्या उताऱ्यावर विहिरीची नोंद असते, तिच्या पाण्याच्या गुणाची नसते. काळ्या पाषाणांत खोदलेल्या आपल्या विहिरींचें पाणी बहुधा जड असतें. गप्पी, मोली, प्लॅटी व स्वोर्डटेल या जातींस असें पाणी मानवतें, म्हणून आरंभ यांपासून करावा, असें आम्ही सुचवितों. विहिरींत नुकतीच ब्लीचिंग पावडर टाकली असल्यास तें पाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत एक-दोन दिवस उघडें ठेवून मग वापरावें.

पैदास.—वरील जाती अंडीं न घालतां जिवंत पिलें देतात. गप्पीचा नर लहान व रंगीत, तर मादी मोठी व फिकट असते. एका नरामागें तीन माद्या ठेवाव्यात. सुमारें चार आठवड्यांनीं मादी वीस ते पन्नास पिलें देते, व एकदां संयोग झाल्यावर नराविनाही पुढें अनेक वेळां विते. आई स्वतःचीं पिलें खाते. यासाठीं हौदांत हायड्रिलासारखी दाट पाणवनस्पती असावी. पिलांस उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यांतून गाळून अगदीं थोडा द्यावा. नर ओळखूं येतांच वेगळे करावेत. गुरांत वळू बदलतात तसे येथेंही अधूनमधून बाहेरचे नर आणावेत, नाहीं तर वाण उतरतो.

गोल्डफिश अंडीं घालतो व तीं वनस्पतीस चिकटतात. मोठे मासे तीं खाऊन टाकतात, म्हणून अंडीं लागलेली वनस्पती लगेच दुसऱ्या भांड्यांत हलवावी. उबेच्या मानानें दोन ते पांच दिवसांत पिलें निघतात.

खाणें व रोग.—दिवसांतून दोन वेळां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच खाणें घालावें. उपाशी मरणाऱ्या माशांपेक्षां जादा खाण्यानें बिघडलेल्या पाण्यांत मरणारे मासे अधिक असतात. नवा मासा पंधरा दिवस वेगळ्या भांड्यांत ठेवून, अंगावर पांढरे ठिपके नाहींत अशी खात्री करूनच इतरांत मिसळावा.

शेतकऱ्यास विशेष इशारा.—कपाशीवर व मोसंबीवर फवारण्यांत येणारीं सायपरमेथ्रिनसारखीं औषधें माशांस अत्यंत घातक आहेत. वाऱ्यानें आलेला तुषार किंवा औषधाचे हात पाण्यांत घालणें एवढ्यानेंही सर्व हौद मरूं शकतो. फवारणीच्या दिवशीं हौद झांकावा. औषधाचें डबडें मासे असलेल्या पाण्यास कधींही लावूं नये.

डांस व गप्पी.—१८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें हिंवतापाचा जंतू डांसाच्या पोटांत पाहिला. तें ठिकाण निजामी मुलखांत होतें, आणि अंबड तालुकाही तेव्हां त्याच मुलखांत होता. डांसांच्या अळ्या गप्पीचें आवडतें खाद्य असल्यानें जनावरांच्या हौदांत थोडे गप्पी सोडल्यास घरचें आरोग्य राखलें जातें. मात्र कालव्यांत, ओढ्यांत किंवा गोदावरींत पाळीव मासे कदापि सोडूं नयेत. १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणलेला चिलापी मासा पुढें अनेक जलाशयांत मूळच्या माशांस कसा भारी झाला, हें कोळी बांधव जाणतात. नको झालेले मासे दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत.

केंद्र सरकारनें २०२० सालीं सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत शोभेच्या माशांच्या संगोपनाचाही समावेश झाला. तथापि अनुदानाकडे पाहून एकदम दहा हौद बांधूं नयेत. एका हौदांत सहा महिने मासे जगवावेत, पिलें वाढवावींत, खर्च व विक्री वहींत मांडावी, जवळच्या शहरांतील दुकानदार कोणता माल घेतो तें पाहावें, आणि हिशेब जमल्यावरच दुसरा हौद बांधावा.