शेणकाल्याची सव्वाशे वर्षे

मुंबईतल्या बेघर कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली माटुंग्याला एक आसरा उभा राहिला. पुढाकार महापालिकेचे आयुक्त हॅरी अ‍ॅक्वर्थ यांचा. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या जोडीने मराठी पोवाडे जमवून छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. एकाच आवारात इतके रुग्ण ठेवायचे म्हटल्यावर त्यांच्या मैल्याचे काय करायचे, हा प्रश्न आलाच. १८९७ मध्ये तो मैला बंद टाकीत कुजवून त्यातून सुटणारा वायू दिव्यांसाठी वापरायची सोय झाली, आणि पुढे त्यावर इंजिनही चालवले गेले. भारतातल्या बायोगॅसच्या इतिहासात हा पहिला ठळक टप्पा. बऱ्याच पुस्तकांत आणि अहवालांत यासाठी १८५९ हे साल छापलेले आढळते. ज्या संस्थेची स्थापनाच १८९० ची, तिच्यात तीस वर्षे आधी वायू कसा निघेल? एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले, दुसरे काय!

आरंभ मुद्दाम माटुंग्यापासून केला. गोबरगॅस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोठा आणि चूल येते. महाराष्ट्रात मात्र या तंत्राचा एक धागा पहिल्यापासून संडासाशी आणि मैला कोणी उपसायचा या प्रश्नाशी बांधलेला आहे. सरकारी योजनांच्या इतिहासात हा धागा दिसत नाही. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो.

शेणाकडे वळायला आणखी चाळीस वर्षे गेली. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३७ पासून एस. व्ही. देसाई यांनी शेण कुजवून वायू मिळवण्याचे प्रयोग केले. हवा आत जाऊ न देता शेण-पाणी साठवले की शेणातलेच जिवाणू ते पचवू लागतात. हे जिवाणू बाहेरून आणावे लागत नाहीत, गाईम्हशींच्या पोटातून शेणाबरोबरच येतात. त्यांच्या कामातून जो वायू सुटतो, त्यात साधारण पंचावन्न ते पासष्ट टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. जळतो तो मिथेन. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो, आणि एक घनमीटर वायू साडेतीन किलो लाकडांच्या किंवा साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसच्या बरोबरीचे काम करतो. पाच-सहा माणसांच्या घराला दोन घनमीटरचे संयंत्र लागते. त्यासाठी रोज पन्नासेक किलो शेण हवे, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. पुढची सगळी कथा या शेवटच्या आकड्याभोवती फिरते.

प्रयोगशाळेतली गोष्ट अंगणात आणली जशभाई पटेल यांनी, पन्नाशीच्या दशकात. त्यांच्या संयंत्राचे नाव ग्रामलक्ष्मी. जमिनीत विटांची विहीर आणि तिच्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. वायू साठला की टाकी वर येते, स्वयंपाक झाला की खाली बसते. किती गॅस शिल्लक आहे हे घरातल्या लहान पोरालाही लांबून कळावे, इतकी ती रचना उघड होती. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला ती स्वीकारली. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिच्यावर काम चालले आणि प्रशिक्षणही दिले जाऊ लागले. दोष एकच होता, पण जबर: लोखंड. शेणकाल्यात बुडालेली टाकी गंजते. वर्षाला रंग दिला नाही तर काही वर्षांत तिला भोके पडतात, आणि संयंत्राच्या एकूण खर्चात मोठा वाटा या टाकीचाच असे. कोकणात तर खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला टिकूच देत नाहीत.

तरी कोकणातच एक माणूस याकडे वेगळ्या नजरेने पाहत होता. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे अप्पासाहेब. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. उच्चवर्णीय कैद्याला ती मिळेना, म्हणून त्यांनी अन्न सोडले, आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास धरला. १९४८ मध्ये अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मेलेली जनावरे सोलायची, कातडे कमवायचे, मैल्याचे सोनखत करायचे ही तिथली रोजची कामे. जी कामे जातीने माणसांच्या गळ्यात बांधली होती, ती अप्पासाहेब आणि त्यांचे सहकारी स्वतःच्या हातांनी करत. मैल्यापासून वायू काढण्याचा त्यांचा प्रयोग याच कामातून आला. इंधन हा त्यात वरचा लाभ होता. मैला डोक्यावरून वाहून नेणारा माणूस त्या कामातून सुटावा, हा हेतू. मैल्याला हात न लावता त्याची विल्हेवाट लागली आणि वर शेताला खत मिळाले, तर माणसाला त्या कामाला जुंपायला कारणच उरत नाही, असे त्यांचे गणित होते. अप्पासाहेब १९७१ मध्ये गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी खनिज तेलाचे भाव भडकले आणि दिल्लीला एकदम शेणाची आठवण झाली. रॉकेल महाग, परकीय चलन अपुरे, रासायनिक खते दुर्मीळ. या तिन्हींवर एकच उतारा म्हणून गोबरगॅस पुढे आला. महाराष्ट्र तेव्हा १९७२ च्या दुष्काळातून नुकता उठत होता, आणि कितीतरी दावणी रिकाम्या होत्या. त्याच सुमारास एक आक्षेपही पुढे आला. तो आजही विसरू नये असा आहे. शेणाला तोवर फारशी किंमत नव्हती. रस्त्यावरचे, माळावरचे शेण गोळा करून गोवऱ्या थापणारी बाई बहुधा भूमिहीन घरातली असे. चार-पाच जनावरांचा धनी संयंत्र बांधणार, मग आपले शेण तो बाहेर का जाऊ देईल? ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्याला अनुदान, आणि जिचे जळण तेवढेच तिच्या हातून तेही जायचे, असा हा पेच होता. सगळ्या गावाचे मिळून एक संयंत्र हे त्यावर सुचवलेले उत्तर. उत्तर प्रदेशात आणि कर्नाटकात त्याचे गाजलेले प्रयोग झाले, पण रोज कोणी किती शेण घातले आणि कोणाला किती गॅस मिळाला, या हिशेबावर अशी संयंत्रे सहसा अडतात.

१९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि गोबरगॅस सरकारी कार्यक्रम बनला. लोखंडी टाकीची अडचण तोवर सुटत आली होती. १९७८ मध्ये जनता आणि १९८४ मध्ये ‘अफप्रो’ संस्थेने काढलेले दीनबंधू, ही दोन्ही घुमटाची संयंत्रे. सगळे काम विटा-सिमेंटचे, जमिनीखाली, हलणारा एकही भाग नाही. खर्च बराच खाली आला. बदल्यात एक नवी जबाबदारी आली: घुमट बांधणारा गवंडी तरबेज हवा. टाकीला भोक पडले तर दिसते. घुमटाला केसाएवढी चीर गेली तर दिसत नाही, फक्त वायू हळूहळू निघून जातो. घरची माणसे म्हणतात, शेण घालतो पण गॅसच होत नाही.

महाराष्ट्राने या कार्यक्रमात देशात आघाडी घेतली. सरकारी नोंदीप्रमाणे देशभर बांधलेली घरगुती संयंत्रे पन्नास लाखांच्या घरात जातात, आणि त्यांतली सुमारे नऊ लाख एकट्या महाराष्ट्रातली. जिल्हा परिषदेच्या कृषी विभागापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना उद्दिष्टे होती. संडास जोडणाऱ्याला जादा अनुदान होते. उसाचे पाणी, म्हशींचे गोठे आणि दूध संघ असलेल्या पट्ट्यात गोबरगॅस झपाट्याने पसरला, आणि हे समजण्यासारखे आहे: तिथे जनावर दावणीला बांधलेले, शेण एका जागी पडलेले, पाणी दाराशी. मराठवाड्यात आणि विदर्भाच्या कोरड्या भागात जनावरे दिवसभर रानात चरतात. निम्मे शेण माळावरच राहते, आणि जितके शेण तितकेच पाणी घालायचे असते. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते तिथे गोबरगॅसला कुठून घालणार? तरीही उद्दिष्ट सगळ्या जिल्ह्यांना होते.

त्या नऊ लाखांच्या आकड्याबद्दल मला मनापासून राग आहे. तो खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो बांधकामांचा आकडा आहे. खड्डा खणला, घुमट बांधला, फोटो काढला, अनुदान मिळाले की एक नग जमा झाला. बंद पडल्यावर तो वजा होत नाही. गोबरगॅस मात्र विहिरीसारखा एकदा बांधून विसरायचा नसतो. त्याला रोज खायला घालावे लागते. पहिल्यांदा भरायला एका ट्रॉलीएवढे शेण लागते. त्यानंतर दोन-तीन आठवडे वाट पाहायची, सुरुवातीचा वायू जळत नाही म्हणून सोडून द्यायचा. मग रोज सकाळी शेण आणि पाणी समसमान घालून, काड्या-खडे काढून, गुठळी न ठेवता कालवायचे. वैरणीच्या काड्या आत गेल्या की वर जाड साय धरते आणि वायू कोंडतो. नळीत पाणी साचले की शेगडी फुरफुरते आणि विझते. थंडीत जिवाणू सुस्तावतात आणि गॅस कमी पडतो, नेमका अंघोळीचे पाणी तापवायचे त्या दिवसांत. यातली कुठलीही अडचण मोठी नाही. पण ती सोडवायला तालुक्यात माणूस नसेल तर संयंत्र बंद पडते, आणि एकदा आत शेण सुकून घट्ट झाले की उपसायला कोणी तयार होत नाही. बांधायला पैसे होते. दुरुस्तीच्या माणसाला पगार नव्हता.

शेण कालवायचे काम बहुतेक घरांत बायांचेच. हे अनेकांनी दोष म्हणून सांगितले आहे. मला त्याची दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. गोवऱ्या थापणे, त्या वाळवणे, पावसाआधी रचून ठेवणे, सरपणाला रानात जाणे आणि शेवटी चुलीपुढे फुंकणी घेऊन धुरात बसणे, एवढ्या कष्टांपुढे सकाळचे ते काम फार थोडे आहे. जिथे गोबरगॅस नीट चालला, तिथे भांडी काळी होत नाहीत आणि डोळे चुरचुरत नाहीत. चहा मिनिटांत होतो. निळी, आवाज न करणारी ज्योत ज्या बाईने वापरली तिने संयंत्र बंद पडू नये म्हणून घरात भांडणेही केली. घरात शेणाचा निर्णय तिचा नव्हता, हे खरे दुखणे. जनावर विकायचे की ठेवायचे, हे ठरवणारा दुसराच असे.

संडासाचा धागा दरम्यान देहूत पुढे गेला होता. डॉ. सुहास मापुसकर आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून तिथे आले, तेव्हा गाव उघड्यावर जात होते. सुरुवातीला बसवलेले संडास पावसात ढासळले. म्हणून त्यांनी स्वतःच संडासाचा अभ्यास सुरू केला, आणि तो करता करता अप्पासाहेबांच्या कामापर्यंत पोहोचले. मैल्यावर चालणारे ‘मलप्रभा’ संयंत्र त्यांनी सुधारून रुजवले आणि अप्पासाहेबांच्या नावाने संस्था काढली. माणसाच्या मैल्यापासून दरडोई दिवसाला तीस-चाळीस लिटर वायू मिळतो, म्हणजे पाच जणांच्या घराला चहा-दुधापुरता. नुसत्या संडासावर सगळा स्वयंपाक होत नाही. पण सेप्टिक टँक उपसायला कोणाला आत उतरावे लागत नाही, हा लाभ लिटरांत मोजायचा नाही. मैल्याच्या गॅसवर अन्न शिजवायचे म्हटल्यावर लोक नाक मुरडतात. देहूसारख्या तीर्थाच्या गावात, वारकऱ्यांच्या घरांत ते स्वीकारले गेले, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत धाडसाचे पाऊल वाटते. मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली, २०१७ मध्ये.

गोठा नसलेल्या शहरी घरासाठी काय, याचे उत्तर पुण्यात मिळाले. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने एक साधी गोष्ट पुढे आणली: शेण म्हणजे जनावराने आधीच पचवलेले अन्न, त्यात ऊर्जा उरते ती थोडी. त्याऐवजी पिठूळ, साखरयुक्त अन्न थेट घातले तर? खरकटे, नासके पीठ, पेंड यांचा दोनेक किलो घाणा चाळीस किलो शेणाइतका मिथेन देतो, आणि तोही कितीतरी लवकर, असा त्यांचा दावा होता. पाण्याच्या प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत एक पालथी, एवढ्यावर गच्चीत बायोगॅस होऊ लागला. २००६ मध्ये या कामाला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी मोठ्या प्रमाणावरच्या खरकट्यासाठी ‘निसर्गऋण’ संयंत्र काढले. वाहनबंदी असलेल्या माथेरानमध्ये, जिथे कचरा डोंगराखाली नेणेच अवघड, तेही उभे राहिले. शहरातल्या संयंत्रांचा शत्रू मात्र ठरलेला: वेगळा न केलेला कचरा. आंबट फळे आणि तेलकट रस्से भसाभस ओतले की आतले मिश्रण आंबते आणि जिवाणू काम थांबवतात.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गावागावांत सिलिंडर पोहोचला. त्याचे स्वागतच करायला हवे, चुलीपेक्षा तो केव्हाही बरा. पण कितीतरी चालते गोबरगॅस तेव्हाच सुटले. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी होत गेलेच होते. पुढे सिलिंडरचे भाव चढले, आणि ज्यांचा घुमट शाबूत होता त्यांनी तो पुन्हा भरायला घेतला. याच काळात सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने, डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने, हजारो घरांत बायोगॅस उभे केले, तेही अप्पासाहेबांच्याच जिल्ह्यात. कमी जनावरे, लहान बागायत आणि भरपूर पाऊस असलेल्या मुलखात ते चालले, कारण संस्था बांधून निघून गेली नाही.

आता नव्या पद्धतीच्या रबरी-प्लास्टिकच्या पिशव्या शेताच्या बांधावर दिसू लागल्या आहेत. त्या दिवसाभरात बसतात आणि त्यांच्यासाठी कार्बन क्रेडिटचा पैसा येतो. हा पैसा एका बाबतीत जुन्या अनुदानापेक्षा चांगला आहे: गॅस खरोखर जळतो आहे हे दरवर्षी दाखवावे लागते. त्यामुळे पिशवी फाटली तर दुरुस्त करायला माणूस पाठवणे कंपनीच्या हिताचे होते. शेतकऱ्यांची ओढ मात्र गॅसपेक्षा स्लरीकडे वाढलेली दिसते. संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या शेणकाल्यात नत्र बऱ्यापैकी टिकून असतो, तणाचे बी बरेचसे मेलेले असते, दुर्गंधी आणि माश्या जवळपास नसतात. रासायनिक खताच्या गोणीचा भाव पाहता, द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेला ती स्लरी सोडणारा शेतकरी आता सकाळी स्वतःच शेण कालवायला उभा राहतो.