गोंगाटानंतरचा कर्णनाद : कारणे, काळजी आणि उपाय

तापी नदीच्या काठी वसलेले सुरत शहर जरीकाम, हिऱ्यांना पैलू पाडण्याचा व्यवसाय आणि कृत्रिम धाग्याचे कापड यांसाठी देशभर ख्यातनाम आहे. या शहराशी खानदेशचे नाते जुने आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे रोजगारासाठी तेथे गेली व लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत स्थायिक झाली. महानगरपालिकेने त्यांच्या मुलांसाठी मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या. श्रावणातील कानबाईचा उत्सवही या मंडळींनी आपल्याबरोबर तेथे नेला. यांपैकी अनेकांच्या संसाराला यंत्रमागाने आधार दिला आहे. ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगारही त्यांच्या खांद्याला खांदा लावून याच मागांवर काम करतात.

या उपजीविकेबरोबर एक व्याधीही हळूहळू घरात येते. बारा तासांची पाळी संपवून कामगार खोलीवर परततो. बाहेर रहदारी ओसरलेली असते, घरात सारे निजलेले असतात. परंतु त्याच्या कानात शिट्टी वाजत राहते. कोणाला रातकिड्यांची किरकिर ऐकू येते, कोणाला वाफेचा फुत्कार, तर कोणाला मधमाश्यांचे गुणगुणणे. सणासुदीला गावी आल्यावर शिवारातील शांततेत हा आवाज अधिकच स्पष्ट जाणवतो. “मागावर काम केले की असे व्हायचेच,” असे म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. ही समजूत घातक आहे. कानातील हा नाद म्हणजे श्रवणेंद्रियाला इजा होत असल्याची पहिली सूचना असू शकते, आणि ती वेळीच ओळखल्यास पुढील बहिरेपणा टाळता येतो.

जुनी व्याधी, जुने निरीक्षण

ही व्याधी आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत ‘कर्णनाद’ व ‘कर्णक्ष्वेड’ यांचा निर्देश आहे. विविध ध्वनी रोग्यास ऐकू येतात, असे तेथे कर्णनादाचे वर्णन आढळते.

व्यवसायाशी असलेला कानाच्या विकाराचा संबंध इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदविला. व्हेनिस शहरातील तांबट दिवसभर तांब्यावर हातोडी चालवीत आणि उतारवयात त्यांना ऐकू येईनासे होई, असे त्यांनी पाहिले होते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी ठोक्यांचा आवाज ऐकला असेल, त्यांना हे सहज पटेल. पुढे १८८६ मध्ये ग्लासगो येथील डॉ. थॉमस बार यांनी बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. त्यांपैकी एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. यंत्रयुगाबरोबर हा विकार आळीतून कारखान्यात आला आणि हजारोंच्या वाट्यास गेला.

कानात घडते काय?

ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे ते कंपन अंतर्कर्णातील शंखाकृती नळीकडे पोहोचवितात. या नळीत द्रव असतो आणि त्यात सूक्ष्म केसांसारखे तंतू धारण करणाऱ्या पेशी रांगेने उभ्या असतात. प्रत्येक कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी असतात. द्रव हलला की हे तंतू लवतात, त्यातून विद्युत्संदेश निर्माण होतो आणि श्रवणतंतूंच्या वाटेने तो मेंदूकडे जातो.

वाऱ्याच्या झुळकीने पीक लवते आणि पुन्हा उभे राहते. वादळाने मात्र ते आडवे होते. या पेशींचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर कानाला दडे बसल्यासारखे वाटते, शिट्टी वाजते आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत बहुधा सारे पूर्ववत होते. त्या वेळी पेशी केवळ थकलेल्या असतात. परंतु रोजच्या रोज तोच मारा होत राहिला, तर त्या कायमच्या मरतात. शेतात पुन्हा पेरणी करता येते. माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. शिवाय पेशी व श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे त्याहीपूर्वी निकामी होऊ शकतात. म्हणून ‘दडा सुटला, आता कान ठीक झाला’ असे मानणे नेहमीच बरोबर ठरत नाही.

मग बाहेर आवाज नसताना नाद येतो कोठून? कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनक्षमता वाढवितो, असे शास्त्रज्ञ मानतात. दूरचे केंद्र नीट लागत नसेल तर आपण रेडिओचा आवाज वाढवितो आणि मग खरखरही वाढते, त्यातलाच हा प्रकार होय. म्हणजे कर्णनाद हा भास नव्हे, वेडाचे लक्षण नव्हे, की कोणाची करणीही नव्हे. प्रौढांपैकी दर शंभरांत सुमारे दहा ते पंधरा जणांना तो कमीअधिक प्रमाणात जाणवतो.

गोंगाटाने होणारी हानी प्रथम उंच पट्टीच्या आवाजांत दिसते. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी अक्षरे निसटू लागतात. स्त्रियांचे व मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटते. माणूस स्वतः मोठ्याने बोलू लागतो, गर्दीत प्रश्न पुन्हा विचारतो, आणि घरच्यांना वाटते की तो हेकट झाला आहे.

किती आवाज, किती वेळ?

आवाजाची तीव्रता डेसिबल या एककात मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. हे माप साध्या बेरजेचे नाही. केवळ ३ डेसिबल वाढले तरी ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० डेसिबल वाढले की ती दहापट होते.

धोट्याच्या मागात प्रत्येक फेकीला धोटा एका बाजूकडून ठोकला जातो आणि दुसऱ्या बाजूस आदळून थांबतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे घडते, आणि एका छपराखाली असे कित्येक माग दाटीने उभे असतात. भिंती व पत्रे तो आवाज पुन्हा आत परतवितात. अशा शेडमध्ये आवाजाची पातळी १०० डेसिबलच्या आसपास जाते. धोटा नसलेले नवे माग आले असले, तरी त्यांचा वेग अधिक असल्याने तेही शांत म्हणता येत नाहीत.

भारतात कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांकरिता ९० डेसिबल ही मर्यादा धरलेली आहे. त्याच कोष्टकानुसार १०० डेसिबलच्या आवाजात दोन तासांहून अधिक काळ राहू नये. अधिक काटेकोर आंतरराष्ट्रीय शिफारशी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवितात. त्या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे मिळतात. बारा तासांची पाळी कानावर किती भार टाकते, हे यावरून ध्यानात येईल.

मोजयंत्र नसले तरी एक सोपी कसोटी आहे. हातभर अंतरावरील माणसाला ऐकू जाण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज कानास अपायकारक समजावा. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील मागांवर कामगार हातांच्या खुणांनी बोलतात, यातच सारे आले. हाच धोका पिठाची गिरणी, मळणीयंत्र, दगडखाण, लग्नाच्या वरातीतील ध्वनिवर्धकांची भिंत आणि फटाके यांतही आहे. यंत्राचा आवाज झाकण्यासाठी इअरफोन लावून मोबाईलवर गाणी ऐकणे हे तर दुहेरी संकट होय. कारण गोंगाटावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज आणखी वाढवावा लागतो.

नाद सुरू झाल्यास काय करावे?

मोठ्या आवाजानंतर कानात शिट्टी वाजू लागल्यास प्रथम कानास विश्रांती द्यावी. शक्य तर एक-दोन दिवस गोंगाटापासून दूर राहावे. कानात गरम तेल, लसणीचा रस वा अन्य द्रव घालू नये. आगकाडी, पिन किंवा किल्लीने कान कोरू नये. त्याने पडद्यास इजा होते आणि मळ अधिक आत जातो.

आठवडाभरात नाद न थांबल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञास दाखवावे. पुष्कळदा साठलेला मळ किंवा मधल्या कानातील दोष हेही कारण असते आणि ते दूर करता येते. काही औषधांनीही कर्णनाद होतो. ॲस्पिरिनची मोठी मात्रा तसेच स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शने यांत मोडतात. असे औषध चालू असल्यास ते परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, भोवळ येऊ लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा नाडीच्या ठोक्यांबरोबर नाद ऐकू येऊ लागला, तर मुळीच विलंब लावू नये. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या तीन दिवसांत उपचार सुरू झाल्यास गुण येण्याची आशा अधिक असते.

सुरत शहरात नवे सिव्हिल रुग्णालय व महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. खानदेशात धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवणदोषांच्या क्षेत्रात कार्य करीत आहे.

कर्णनाद समूळ नाहीसा करणारी गोळी अद्याप उपलब्ध नाही. तशी जाहिरात करणाऱ्यांपासून सावध राहावे. परंतु याचा अर्थ उपाय नाही असा नव्हे. मेंदूला ज्या आवाजाचे भय वाटत नाही, त्याकडे तो हळूहळू दुर्लक्ष करू लागतो. घड्याळाची टिकटिक नाही का आपल्याला ऐकू येईनाशी होत? ही सवय लागण्यास पुढील गोष्टी साहाय्यभूत ठरतात :

१. पूर्ण शांतता टाळावी. निजताना पंखा किंवा मंद आवाजातील रेडिओ चालू ठेवावा. नाद पूर्ण बुडविण्याचा प्रयत्न करू नये. तो सौम्य झाला म्हणजे पुरे.

२. झोपेची व उठण्याची वेळ ठरावीक ठेवावी. जागरण, चिंता व थकवा यांनी नाद वाढल्यासारखा वाटतो.

३. ‘आता वाजतो आहे का?’ म्हणून वारंवार कान देऊन ऐकू नये. मन कामात वा गप्पागोष्टींत गुंतवावे.

४. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्र वापरण्यात संकोच मानू नये. बाहेरचे आवाज नीट ऐकू येऊ लागले की आतला नाद पुष्कळांना कमी जाणवतो.

५. नादामुळे मन खचले असल्यास किंवा झोप पार उडाली असल्यास समुपदेशन घ्यावे. विचारांना व सवयींना वळण लावणाऱ्या मानसोपचाराने नादाचा त्रास कमी होतो, असे आढळून आले आहे.

६. शांत जागी कानात बोळे घालून बसू नये. त्याने नाद अधिकच ठळक होतो.

प्रतिबंध हाच खरा उपचार

कापसाचा बोळा गोंगाट फारसा अडवीत नाही. त्यासाठी फोमचे कर्णरोधक किंवा कान झाकणारे संरक्षक वापरावे लागतात. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट धरून ठेवावा. हात स्वच्छ असावेत. पाळीतील थोडा वेळ जरी तो काढून ठेवला, तरी संरक्षणाचा मोठा भाग वाया जातो. यंत्रास वेळेवर तेल देणे, सैल भाग आवळणे, मागाखाली कंपनशोषक बैठक बसविणे आणि कामगारांना आळीपाळीने शांत जागी विश्रांती देणे, ही मालकांची जबाबदारी होय. कामावर घेताना आणि त्यानंतर ठरावीक काळाने श्रवणचाचणी केल्यास हानी आरंभीच उघडकीस येते.

कायद्याने या विकाराची दखल घेतली आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने गोंगाटजन्य बहिरेपणा हा सूचना देण्याजोग्या रोगांत समाविष्ट केला होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. नुकसानभरपाईच्या व राज्य विमा योजनेच्या कायद्यांनीही हा व्यवसायजन्य विकार मानला. तथापि हक्क सिद्ध करण्यास पुरावा लागतो. म्हणून कामगाराने आपले ओळखपत्र, पगाराच्या नोंदी व श्रवणचाचणीचे कागद जपून ठेवावेत. गाव बदलले, मालक बदलला, तरी हे कागद सोबत असावेत.

गावाचे व शाळेचे कर्तव्य

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही वेळ रात्र मानली जाते. वरात, जत्रा व मिरवणुकीच्या वेळी सरपंच, पोलीस पाटील आणि मंडळांचे कार्यकर्ते यांनी आधीच एकत्र बसून या मर्यादेचे पालन कसे होईल, हे ठरवावे. लहान मुलांना ध्वनिवर्धकाच्या भिंतीजवळ उभे करू नये. वर्गात एखादा विद्यार्थी वारंवार ‘काय?’ म्हणत असेल किंवा त्याचे लक्ष नसल्यासारखे वाटत असेल, तर शिक्षकांनी त्याला रागावण्यापूर्वी त्याचे कान तपासून घ्यावेत. दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन असतो. त्या निमित्ताने शाळेत व ग्रामसभेत या विषयाची माहिती देता येईल.

डोळ्यांत कचरा गेला तर माणूस तत्काळ डोळे मिटतो. कानाला मात्र पापणी नाही. त्याची काळजी आपणच घ्यावी लागते. परगावी मागावर राबणारा मुलगा पुढच्या सणाला घरी येईल, तेव्हा आईवडिलांनी त्याच्या पगाराबरोबरच त्याच्या कानांचीही चौकशी करावी. त्याला रात्री शिट्टी ऐकू येत असेल, तर परत जाण्यापूर्वी त्याला रुग्णालयात न्यावे. त्याला आज ऐकू येत आहे ते उद्याही यावे, यासाठी एवढी तत्परता अवश्य दाखवावयास हवी.